गळ वाचवून काटा बसवायचा कसा?

स. न. वि. वि. काका,

मी मूळची राजापूरकडची. चार वर्षं झाली, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या सरीला आहोत. लहानपणी बाबांबरोबर खाडीवर गरवायला जायचे, म्हणून इथे आल्यावर हौसेनं फ्लाय फिशिंग शिकले आणि गेल्या हिवाळ्यापासून घरीच फ्लाय, म्हणजे गळावर केस-पिसं बांधून केलेले नकली किडे, बांधायला लागले. इथल्या नद्यांवर बिनकाट्याचाच, म्हणजे टोकामागे मासा अडकवणारा उलटा काटा नसलेलाच, गळ लागतो. शेजारच्या एका आजोबांनी गॅरेज आवरताना मला काटेवाल्या गळांची मोठी पेटी कवडीमोलानं दिली. चारशे-पाचशे तरी असतील, बहुतेक १४ आणि १६ नंबरचे. त्यांचे काटे मी घरातल्या पक्कडीनं दाबते. मागच्या रविवारी २५ दाबले, त्यातले ७ टोकापाशी तुटले. दोन तर फ्लाय पूर्ण बांधून झाल्यावर! हरणाचे केस लावायला मला अजून पाऊण तास लागतो हो. गळ खराब आहेत की माझा हात? लायटरनं जरा गरम केले तर मऊ होतात असं एकानं सांगितलं. करून बघू का? आणि काटाच नसेल तर मासा सुटणार नाही का? बाबा फोनवर हसतात. म्हणतात, काट्याशिवाय गरी म्हणजे कडीशिवाय दार.

– तुटक्या गळांची मालकीण

ताई,

लायटर लावू नका. बाकीचं सावकाश सांगतो, पण तेवढं आधी ऐका.

माझी ३१ वर्षं चिंचवडच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं बनवायच्या विभागात गेली. पोलाद कापलं, घासलं, तापवलं, त्याला पाणी दिलं, म्हणजे तापवून विझवून कडक केलं. फ्लाय बांधायला लागलो निवृत्तीनंतर, पुतण्यानं हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट दाखवायला नेलं तेव्हापासून. म्हणजे फ्लायच्या बाबतीत मी तुमच्यापुढे फार तर दोन पावलं असेन. पण तुटलेला तुकडा बघून तो का तुटला हे ओळखणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. आणि एवढं सगळं असूनही पहिल्या हिवाळ्यात माझे गळ तुमच्यापेक्षा जास्त तुटले. ते कसे, ते पुढे येईलच. तुमचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

आधी हा काटा येतो कुठून ते बघू. गळ बनतो तारेपासून. पोलाद भरपूर कार्बनचं, पण सुरुवातीला मऊ करून घेतलेलं. तार तोडतात, टोक घासून काढतात, मग टोकाच्या जरासं मागे पातं तिरकं घुसवून तारेचाच एक पापुद्रा उचलतात. तो पापुद्रा म्हणजे उलटा काटा, ज्याला तुम्ही बार्ब म्हणता. कोयत्यानं ओल्या फांदीवर तिरका घाव घातला की साल एका बाजूनं चिकटून राहते आणि दुसऱ्या बाजूनं उभी होते ना, अगदी तसं. त्यानंतर तार वाकवून गळाला बाक देतात, दोरी ओवायचा डोळा वळवतात. हे सगळं झालं की मग पोलाद लाल तापवून तेलात विझवतात आणि पुन्हा बेतानं तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवतात.

यातला क्रम ध्यानात घ्या. काटा उचलला तेव्हा पोलाद मऊ होतं. तुम्ही तो परत खाली बसवायला जाता तेव्हा ते कडक झालेलं असतं. शिवाय जिथून पापुद्रा उचलला तिथली तार तेवढी बारीक झालेली. १४ नंबरच्या, पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायच्या गळाची तार असते साधारण ०.४ मिलिमीटर. छपाईच्या कागदाचे चार ताव एकावर एक ठेवा, तेवढी. त्यातून काट्यापुरती जाडी वजा करा. कापड फाडायचं असलं की आपण काठाला कात्रीनं एक चीर देतो, मग ते हातानं सरळ फाटत जातं. गळाच्या टोकाजवळ ती चीर कारखान्यातच दिलेली असते, काट्याच्या मुळाशी.

ही तार सरळ दाब सोसते. वरून आणि खालून नेमकं समोरासमोर दाबलं तर काटा निमूट खाली बसतो. पीळ मात्र तिला सोसत नाही, आणि आडवं वाकवणंही नाही. तसं झालं की ती चिरेपाशी तडकते. माझा जोर जास्त होतोय का, असं तुम्हाला वाटत असेल. बहुतेकांना तसंच वाटतं, म्हणून ते घाबरत घाबरत, पक्कड सारखी हलवत दाबतात आणि त्या हलण्यानंच गळ मोडतो.

ते सात तुटके टाकले नसतील तर भिंगाखाली धरा. टोक बरोबर काट्याच्या मुळाशी गेलं असेल तर ते वाकून किंवा पिळून तुटलं. त्याच्या मागे, बाकाच्या बाजूला मोडलं असेल आणि तिथे एक चकचकीत ओरखडा दिसत असेल, तर तो पक्कडीच्या दाताचा घाव. आणि एखाद्याचा नुसता काटाच उडून गेला असेल, टोक शाबूत असेल, तर तो गळ तुटलेलाच नाही! काटा गेला, टोक राहिलं, आणखी काय हवं? टोक शाबूत आहे की नाही ते नखावर बघा. अंगठ्याच्या नखावर तिरकं टेकवून हलकेच ओढा. रुतलं तर वापरा, घसरलं तर बाजूला ठेवा. असे चांगले गळ लोक टक् असा आवाज आला म्हणून कचऱ्यात टाकतात.

आता पक्कड. घरातली म्हणजे दातेरी तोंडाची असणार, मागे तार तोडायची धार असलेली. नट धरायला दाते हवेतच. पण ०.४ मिलिमीटरच्या तारेच्या वरून एक दाता आला आणि खालच्या बाजूला नेमकी दोन दात्यांमधली खाच आली, तर तुम्ही दाबत नसता, वाकवत असता. तार त्या खाचेत ढकलली जाते. तुमचे निम्मे गळ इथेच गेले असावेत असा माझा संशय आहे.

तुम्हाला हवी गुळगुळीत, चपट्या तोंडाची छोटी पक्कड, सोनाराकडे असते तसली. पुण्यात असतात तर सरळ बोहरी आळीत पाठवलं असतं. तिकडे मण्यांचे दागिने करणाऱ्यांचं सामान मिळतं त्या दुकानात बघा. तिथे गोल तोंडाचीही शेजारीच टांगलेली असते, ती नको. घेण्याआधी मिटलेली पक्कड खिडकीसमोर धरा. दोन जबड्यांमधून उजेडाची फट दिसली तर ती परत ठेवा. टोकाशी चिकटतात आणि मध्ये पोकळ राहतात अशा पक्कडी पुष्कळ असतात, आणि दुकानदाराला त्याचं काही पडलेलं नसतं.

आता माझी चूक सांगतो. टूलरूममध्ये पोराला पहिल्याच दिवशी शिकवतात की काम आधी घट्ट बांध, मग हत्यार लाव. मीही तेच केलं. फ्लाय बांधताना गळ धरून ठेवणाऱ्या छोट्या शेगड्यात, व्हाइसमध्ये, गळ बाकापाशी आवळला, टोक मोकळं ठेवलं, पक्कड आणली आणि काटा दाबला. टक्. दुसरा घेतला. टक्. बायको आतून विचारते, दाणे फोडताय का? मला वाटलं माल खराब आहे, दुसरं पाकीट फोडलं. तेच. कारण उमगायला चार संध्याकाळी लागल्या. गळ व्हाइसमध्ये जखडलेला, त्याला हलायला जागा नाही. माझ्या हातातली पक्कड टोकाच्या रेषेत तंतोतंत येणं शक्य नाही, केसभर तिरकी असणारच. जबडे मिटले की ते टोकाला आपल्या रेषेत ओढून घेतात. गळ मोकळा असता तर तो सगळाच्या सगळा किंचित फिरला असता. जखडल्यामुळे तो फिरला नाही, टोकच फिरलं. इतकी वर्षं जो नियम पोरांना घोकून घ्यायला लावला, त्यानंच माझे गळ मोडले.

तेव्हा गळ हातात धरा, आणि सैल धरा. डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत त्याचा बाक पकडा. डोळा आणि टोक दोन्ही उजवीकडे, दांडा वर, टोक खाली. म्हणजे काटा वरच्या अंगाला, दांड्याकडे तोंड करून दिसेल. आता उजव्या हातातली पक्कड समोरून आणा, दांड्याला समांतर. वरचा जबडा दांडा आणि टोक यांच्या मधल्या जागेत शिरेल, खालचा टोकाच्या खाली राहील. टोक पक्कडीच्या तोंडात सरळ आत गेलं पाहिजे, म्यानात सुरी जाते तसं. जबड्यांची कड काट्याच्या जरासं पुढे गेली की थांबा. तिथून आणखी आत, बाकापर्यंत नेऊ नका. बाकाची गोलाई जबड्यात आली की ती तरफेसारखी उलटते आणि टोक उचलून मोडते.

या दिशेचा आणखी एक फायदा आहे. पक्कड उघडी असताना तिचे जबडे समांतर नसतात, पुढे रुंद आणि मागे अरुंद असतात. गळाचं टोकही तसंच आहे. टोकाशी निमुळतं, काट्याकडे जाड. दोन्ही आकार एकमेकांत बसतात आणि दाब काट्याच्या पूर्ण लांबीवर पसरतो. बाजूनं, आडवी पक्कड लावली तर तारेचा एवढासा भाग चिमटीत येतो, खरं टोक बाहेर लोंबकळत राहतं, आणि तार जबड्यात लोळते. आडवी लावून वर्षानुवर्षं काटे दाबणारे लोक आहेत. त्यांचा हात बसलेला आहे. तुमचा-माझा नाही.

एका दमात दाबू नका. पहिला दाब काटा जबड्याला लागल्याचं कळेपर्यंत आणि वर थोडासा. सोडा. बघा. काटा अर्धा झोपलेला दिसेल. पुन्हा तसाच धरून दुसरा दाब, या वेळी पूर्ण. दाब चालू असताना मनगट वळवायचं नाही, हे मात्र कटाक्षानं. वळवायचं असेल तर आधी सोडायचं, मग वळवायचं. १६ आणि त्याहून बारीक गळ माझ्या बोटांना आता सापडत नाहीत, मी ते छोट्या चिमट्यानं बाकापाशी धरतो. पण चिमटाही सैल हातातच, टेबलावर टेकवून नाही.

झाल्यावर लोकरीच्या मोज्यावर टोक रुतवा आणि मागे ओढा. धागा आला तर काटा अजून उभा आहे, आणखी एक दाब. सुळकन निघालं तर झालं. तिथे एक बारीक उंचवटा हाताला लागत राहील. तो राहू द्या. तो घालवण्याच्या नादात लोक तिसरा, चौथा, पाचवा दाब देतात आणि पाचव्याला गळ जातो. कानस लावायचा मोहही होईल. कानस काट्याबरोबर तारही खाते, आणि खायला तिथे तार उरलीये कुठे? शेवटची परीक्षा अशी. चष्मा लावून टोकाखाली अंगठ्याचं नख घाला आणि हलकेच उचलून बघा. टोक लवून परत आलं तर ठीक. वाकलं आणि वाकलेलंच राहिलं तर फेका, सरळ करू नका. मोडलं तर बरं झालं, नदीवर मोडलं नाही.

नदीवरचा नियम तुम्हाला माहीत आहेच, पण खात्रीसाठी सांगतो. तुमच्या प्रांतात नद्या-ओढ्यांवर एका टोकाचा, बिनकाट्याचा गळ लागतो, आणि काटा पक्कडीनं तारेला सपाट चिकटवलेला असेल तर तो बिनकाट्याचाच धरतात. अर्धवट दाबलेला धरत नाहीत. मोज्याची परीक्षा तेवढ्यासाठीसुद्धा करा.

लायटरकडे येतो. कडक पोलाद तापत जातं तसा त्याच्या पृष्ठावर रंग चढतो. २३० अंशांच्या आसपास गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० च्या सुमाराला निळा. आम्ही रंग बघून हत्यार भट्टीतून काढायचो. गवती रंगावर काढलं तर एक कडकपणा, निळ्यावर काढलं तर दुसरा. हातभर छिन्नीवर हे रंग सावकाश सरकतात, बघायला वेळ मिळतो. ०.४ मिलिमीटरच्या तारेला लायटर लावलात तर पिवळ्यापासून लालपर्यंतचा प्रवास तुमची पापणी मिटून उघडेपर्यंत संपतो. नेमकं थांबणार कुठे? मग टोक मऊ पडतं, काटा लोण्यासारखा बसतो, तुम्ही खूश होता आणि पहिल्या बऱ्या माशाला गळ सरळ होऊन परत येतो. घाबरून लगेच पाण्यात बुडवलात तर आणखी वाईट, ते टोक काचेसारखं होतं. ज्यांनी हे सुचवलं त्यांना माझा नमस्कार सांगा.

आणि हे सगळं फ्लाय बांधायच्या आधी करायचं. पाऊण तासाची मेहनत मोडक्या गळावर बसली म्हणून तुम्ही हळहळलात, मीही हळहळलो असतो. डझनभर फ्लाय बांधायच्या असल्या की मी आदल्या संध्याकाळी १५ गळ काढतो, बसल्या बैठकीत सगळे काटे दाबतो, मोज्यावर तपासतो आणि वेगळ्या डबीत टाकतो. त्या डबीवर ‘झाले’ असं लिहिलेलं आहे. फ्लाय बुडावी म्हणून गळात टंगस्टनचा जड मणी ओवायचा असेल तर हे आणखीच सोयीचं, कारण मण्याचं बारीक भोक काट्यावर अडतं आणि मग जोर करताना मणी, टोक आणि बोट यांपैकी काहीतरी एक जातंच.

बांधून झालेल्या फ्लायचे काटे राहिले असतील तर घरीच, उजेडात दाबा. बोटं ओली करून केस आणि पिसं मागे सारा, म्हणजे ती जबड्यात येणार नाहीत. त्या दोन मोडक्या फ्लाय टाकू नका. उरलेलं टोकही पक्कडीनं तोडून टाका आणि अंगणातल्या गवतावर दोरी फेकायच्या सरावाला वापरा. घरात मूल असेल तर त्यालाही काठी देता येते. टोक नसलेल्या फ्लायनं कुणाचा डोळा जात नाही.

डोळ्यावरून आठवलं. तुम्ही चष्मा लावता का, हे पत्रात नाही. नसाल लावत तर हे काम करताना साधा संरक्षक चष्मा लावा. तुटलेलं टोक पक्कडीच्या तोंडातून सुटतं तेव्हा ते कुठे जाईल याचा नेम नसतो, आणि ते सुईच्या अणीएवढं असतं. टूलरूममध्ये मी फक्त एकाच गोष्टीवर पोरांना शिव्या घातल्या, ती ही. मी आता हात आणि पक्कड दोन्ही एका पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच दाबतो. तुटलंच तर तुकडा पिशवीत राहतो. तुमच्याकडे खाली गालिचा असणार. झाल्यावर लोहचुंबक फिरवा. चुंबकाला आधी कागद गुंडाळा, म्हणजे तुकडे कागदासकट झटकता येतात.

मासा सुटणार का? सुटतात. नाही म्हणून तुमची समजूत काढणार नाही. पण बिनकाट्याचा गळ शिरतो पटकन. काटा म्हणजे वाटेतली पाचर, ती आत घालायला झटका जास्त लागतो. बारीक दोरीवर, १६ नंबरच्या गळावर, तेवढा झटका देता येतोच असं नाही. सुटतो तो बहुतेक वेळा दोरी सैल पडल्यावर. काठी वाकलेली ठेवा, दोरी ताणलेली ठेवा, मासा तुमच्याकडे पळत आला तर दोरी त्याच्यापेक्षा लवकर ओढा. बाबांना सांगा, कडी काढली तरी दाराला पाठ लावून उभं राहता येतं.

बाबांचंही चुकत नाही म्हणा. खाडीवर गरी टाकणारा माणूस संध्याकाळच्या कालवणासाठी बसलेला असतो. त्याला आलेला मासा परत सोडायचा नसतो, मग त्याला काटा हवाच. तुम्ही ट्राउट धरून पुन्हा पाण्यात सोडणार. काटा नसला की मासा पाण्याबाहेर न काढता, गळ चिमटीत धरून मागे फिरवला की सुटतो, ओठ फाटत नाही. तसे आपल्याकडेही सगळे मासे कालवणाचे नसतात. महाडकडे काळ नदीच्या वाळण कोंडीत देवीचे मासे आहेत, खडशी जातीचे. लोक त्यांना खाऊ घालतात. गळ तिथे कुणी टाकत नाही. हे बाबांना पटेल.

आणि काटा फक्त माशालाच रुततो असं नाही. तीर्थनवर एकदा वाऱ्यानं माझीच फ्लाय फिरून माझ्याच कानाच्या पाळीत बसली. डबीतल्या सगळ्या फ्लायचे काटे दाबलेले होते, ही एक पुतण्यानं दिलेली होती आणि एकीनं काय होतंय म्हणून तशीच ठेवली होती. बिनकाट्याची असती तर हातानं निघाली असती. ती काढायला जीपनं खाली दवाखान्यात जावं लागलं, अर्धा दिवस गेला, आणि ड्रायव्हर वाटेतल्या प्रत्येक टपरीवर थांबून लोकांना माझा कान दाखवत होता.

राहता राहिली आजोबांची पेटी. आधी सगळे गळ पांढऱ्या कागदावर ओता. ज्यांच्या काट्याच्या मुळाशी गंजाचा ठिपका आहे ते बाजूला काढा. गंज नेमका त्या चिरेतच मुरतो, बाहेरून गळ लखलखीत दिसला तरी. उरलेल्यांची नंबरानुसार आणि घडणीनुसार वाटणी करा. जुन्या घडणीच्या गळांचे काटे उंच असतात, म्हणजे चीरही खोल. अलीकडच्या पुष्कळ गळांना काटा अगदी छोटा ठेवतात, ते सहसा त्रास देत नाहीत. बुडत्या फ्लायचे जाड तारेचे गळ सगळ्यांत सोपे, हात बसवायला त्यांनीच सुरुवात करा. मग प्रत्येक ढिगातले पाच गळ घ्या आणि नव्या पक्कडीनं, समोरून, दोन दाबांत दाबा. पाचही बसले तर तो ढीग तुमचा. एक मोडला तर आणखी पाच घ्या. दोन मोडले तर त्या ढिगाचं पोलादच ठिसूळ आहे, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही, तो ढीग विसरा. पाणी देताना ठिसूळपणा पुरता उतरवला नसेल, किंवा आम्लात बुडवून मुलामा देताना पोलादात हायड्रोजन शिरला असेल. आम्ही कडक बोल्टना मुलामा दिल्यावर काही तास भट्टीत ठेवायचो ते तेवढ्यासाठीच. घाई करून तसेच बसवलेले बोल्ट रात्रीत आपोआप तडकलेले मी बघितलेत.

पेटी संपेल तेव्हा नवे गळ मात्र कारखान्यातूनच बिनकाट्याचे आलेले घ्या. त्यांच्या तारेला चीर पडलेलीच नसते, तार टोकापर्यंत अख्खी असते. थोडे महाग पडतात. पण तोवर तुमचे चारशे तरी काटे दाबून झालेले असतील, आणि पैसे कशाचे मोजतोय ते तुम्हाला कळत असेल.

बाद झालेले, उंच काट्याचे १६ नंबरचे गळ बाबांना पाठवायचा विचार डोक्यात आला असेल तर नका पाठवू. राजापूरच्या खाडीतली तांबोशी ते फुटाण्यासारखे चावून थुंकेल.